तॅमॅ इकुइनेन ताल्वी: एका कच्च्या ध्वनिमुद्रणाची प्रस्तावना

‘तॅमॅ इकुइनेन ताल्वी’ हे फिनलंडमधल्या मूनसॉरो या पेगन मेटल बँडचे १९९९ सालचे डेमो ध्वनिमुद्रण. ‘हा चिरंतन हिवाळा’ असा या फिनिश नावाचा अर्थ. ते आधी कॅसेटवर आले आणि २००१ मध्ये सीडीवर निघाले. डेमो म्हणजे बँडने स्वतःच्या खर्चाने, बहुधा घरच्या घरी केलेला नमुना. तो कंपन्यांना आणि मासिकांना पाठवायचा, ओळखीपाळखीत वाटायचा, आणि कोणी बोलावतो का याची वाट पाहायची. अशा नमुन्याकडून सफाईची अपेक्षा कोणी धरत नाही. या कॅसेटमध्ये ती नाहीच. गिटार पातळ आहेत, खालचे सूर दबलेले आहेत, गाणारा दूरच्या खोलीत उभा राहून ओरडतो आहे असे वाटते, आणि या सगळ्यावर कीबोर्डचा धुकट थर पसरलेला आहे. तरीही उत्तर युरोपातल्या या संगीतप्रकाराचा इतिहास सांगताना ही कॅसेट वगळता येत नाही. मूनसॉरोने पुढे जे मोठे काम केले त्याचा आराखडा इथे आधीच काढलेला आहे, फक्त बांधायला साहित्य अपुरे होते.

नात्याने भाऊ लागणाऱ्या हेन्री आणि विल्ले सोर्वाली या दोन तरुणांनी १९९५ मध्ये हेलसिंकीत हा बँड सुरू केला. हेन्रीकडे गिटार आणि कीबोर्ड, विल्लेकडे बास गिटार आणि गायन, अशी ढोबळ वाटणी पुढे कायम राहिली. बँडचे नाव स्विस बँड सेल्टिक फ्रॉस्टच्या १९८७ मधल्या एका गाण्यावरून घेतलेले आहे. तेव्हाच्या तरुण मेटल बँडांत आपल्या दैवतांच्या गाण्यांवरून नाव घेण्याची ही पद्धत सर्रास होती. ‘थॉर्न्स ऑफ आइस’ हा १९९६ मधला पहिला प्रयत्न बँडने मागेच ठेवला. १९९७ मध्ये ‘मेत्सॅ’, म्हणजे ‘रान’, हा डेमो आला. त्यानंतरची पायरी म्हणजे इथे ज्याचा विचार करायचा आहे ती कॅसेट.

पेगन मेटल हा काही काटेकोर संगीतप्रकार नव्हे. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीची दैवते, लोककथा, ऋतू, रणकथा यांवर गाणी रचणाऱ्या आणि मेटलच्या कर्कश ध्वनीत लोकसंगीताच्या चाली मिसळणाऱ्या बँडांना हे नाव सैलपणे लावले जाते. त्याचे मूळ शोधू गेले की स्वीडनच्या बाथरीपाशी थांबावे लागते. क्वॉर्थन या टोपणनावाने वावरणाऱ्या एका माणसाचा हा बँड. त्याचे ‘ब्लड फायर डेथ’ हे ध्वनिमुद्रण १९८८ चे आणि ‘हॅमरहार्ट’ १९९० चे. सैतान आणि नरक हे विषय बाजूला ठेवून क्वॉर्थनने लय संथ केली, मागे समूहस्वर उभे केले आणि गाणी दहा-दहा मिनिटांपर्यंत ताणली. ही ध्वनिमुद्रणे स्टॉकहोमजवळच्या एका गॅरेजमध्ये उभारलेल्या स्टुडिओत झाली होती. गॅरेजमध्ये बसून महाकाव्य रचता येते, हा धडा नंतरच्या पिढीने बाथरीकडूनच घेतला. मूनसॉरोवरचे हे ऋण लपलेले नाही आणि बँडने ते लपवलेलेही नाही.

दुसरा प्रभाव नॉर्वेचा. १९९० नंतरच्या चार-पाच वर्षांत तिथल्या ब्लॅक मेटल बँडांनी मेटलचा ध्वनीच पालटला. गिटारच्या तारेवर एकच सूर अतिवेगाने घासत राहायचा, ड्रमवर अखंड मारा चालू ठेवायचा, गळ्यातून शब्दांऐवजी जवळजवळ किंकाळी काढायची, आणि हे सारे मुद्दाम ओबडधोबड ध्वनीत मुद्रित करायचे, असा तो प्रकार. १९९२ च्या सुमारास काही तरुणांनी चर्च जाळण्यापर्यंत मजल मारली आणि या संगीताचे नाव गुन्हेगारीच्या बातम्यांत गेले. फिनलंडमधल्या पुढच्या पिढीने ध्वनी तिथून उचलला. आगीचे नाटक मात्र तिने बहुतांशी नॉर्वेतच राहू दिले.

फिनलंडचा इतिहास या विषयाला वेगळी धार देतो. हा देश सुमारे सहाशे वर्षे स्वीडनच्या राज्याचा भाग होता आणि १८०९ नंतर १९१७ पर्यंत रशियाच्या झारच्या ताब्यात. ख्रिस्ती धर्म तिथे पश्चिमेकडून, म्हणजे स्वीडनमार्गे आला. या धर्मांतराची सर्वांत प्रसिद्ध दंतकथा लाल्ली नावाच्या शेतकऱ्याची आहे. मूळचा इंग्रज मानला जाणारा बिशप हेन्री बाराव्या शतकाच्या मध्याला स्वीडनच्या राजाबरोबर फिनलंडमध्ये आला. कडाक्याच्या थंडीत प्रवास करताना तो लाल्लीच्या घरी थांबला आणि खाण्यापिण्याचे, वैरणीचे सामान घेऊन गेला. लाल्ली घरी परतल्यावर बायकोने सांगितले की पाहुण्याने एक पैसाही न देता सगळे लुटून नेले. संतापलेल्या लाल्लीने क्योयलिओ सरोवराच्या बर्फावर बिशपला गाठले आणि कुऱ्हाडीने मारले. मग त्याची टोपी आपल्या डोक्यावर चढवली. ती काढायला गेला तेव्हा टोपीबरोबर केसांसह कातडीही सोलून निघाली, असे कथा सांगते. चर्चने ही कथा दैवी शिक्षेचा दाखला म्हणून सांगितली. यातले खरे किती हे इतिहासकार ठरवू शकलेले नाहीत, आणि काहींना तर बिशपच्या अस्तित्वाचीच शंका आहे. एकोणिसाव्या शतकापासून मात्र लाल्ली हा परकीय सत्तेपुढे न वाकलेला माणूस म्हणूनही पाहिला जाऊ लागला. पेगन मेटलला असा नायक मिळाल्यावर तो सोडेल कसा? मूनसॉरोच्या पहिल्या पूर्ण ध्वनिमुद्रिकेत क्योयलिओच्या बर्फाच्या नावाचे एक गाणे आहे.

जुन्या दैवतांविषयीची माहिती मात्र फार थोडी आणि तुटक आहे. फिनिश लिखित भाषेचा पाया घालणाऱ्या मिकाएल आग्रिकोला या धर्मसुधारकाने १५५१ मध्ये बायबलमधल्या स्तोत्रांचे भाषांतर छापले आणि त्याच्या प्रस्तावनेत हॅमे आणि कारेलिया या प्रांतांतल्या लोकांच्या दैवतांची यादी पद्यात दिली. लोकांनी हे सोडावे हा त्याचा हेतू. पण रानाचा तापिओ, पाण्याचा आहती, पावसापाण्याचा उक्को यांचा पहिला लिखित उल्लेख त्याच यादीमुळे उरला. (निषेधासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेने निषिद्ध वस्तूच जपून ठेवावी, ही गंमत प्रस्तावना लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.) त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी एलियास ल्योनरोट या डॉक्टरने मुख्यतः कारेलियातल्या गायकांकडून ऐकलेली गाणी जोडून ‘कालेवाला’ हे महाकाव्य तयार केले. त्याची पहिली आवृत्ती १८३५ ची, आणि आज वाचली जाते ती वाढवलेली आवृत्ती १८४९ ची. तिच्यात ५० सर्ग आणि २२,७९५ ओळी आहेत. या काव्यावर फिनलंडची चित्रकला, संगीत आणि राष्ट्रभावना उभी राहिली. मेटलनेही ते उशिरा का होईना उचलले. आमॉर्फिस या बँडने १९९४ मध्ये ‘टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स’ ही ध्वनिमुद्रिका कालेवालावर बेतली. पण ती गायली गेली इंग्रजीत, प्रकाशित इंग्रजी भाषांतराच्या आधाराने. फिनिश बँडने फिनिश महाकाव्य फिनिशमध्येच गावे, हे तेव्हा गृहीत नव्हते.

या पार्श्वभूमीवर मूनसॉरोचे सुरुवातीचे डेमो पाहिले की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. ‘मेत्सॅ’मधल्या गाण्यांच्या नावांत फिनिश आहे, इंग्रजी आहे, आणि ‘ह्वेरगेल्मिर’सारखी नॉर्स पुराणातली नावेही आहेत. ह्वेरगेल्मिर हा स्कँडिनेव्हियन विश्ववृक्षाच्या मुळाशी असलेला झरा. फिनिश लोकांच्या पुराणकथेशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे फिनलंडच्या या पेगन बँडने सुरुवात शेजाऱ्याच्या देवांपासून केली. तसे होणे साहजिकही होते, कारण बाथरी स्वीडिश होता, गाजत होते ते नॉर्वेजियन, आणि या संगीताचा सगळा शब्दसंग्रहच वायकिंगांचा होता. १९९९ च्या कॅसेटपर्यंत पारडे फिरलेले दिसते. तिच्यावर ‘ताइस्तेलु पोह्योलास्ता’ हे गाणे आहे. पोह्योला हा कालेवालातला उत्तरेचा गूढ प्रदेश आणि हे त्याच्यासाठीचे युद्ध. उधारीचे पुराण मागे पडून घरचे पुराण पुढे येण्याचा क्षण इतक्या स्पष्टपणे क्वचितच टिपला जातो, आणि एवढ्या एका कारणासाठीही ही कॅसेट मोलाची आहे.

भाषेचा परिणाम संगीतावर झाला तो निराळाच. फिनिशमध्ये शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आघात येतो. दीर्घ स्वर आणि दुहेरी व्यंजने यांनी अर्थ बदलतो, त्यामुळे गाताना त्यांची लांबी मोडून चालत नाही. कालेवालाचा पारंपरिक छंद आठ अक्षरांच्या ओळीचा आहे. त्यात आघात-अनाघात अशी जोडी चार वेळा येते आणि शेजारचे शब्द एकाच ध्वनीने सुरू होतात. मूनसॉरो हा छंद शिस्तीने पाळत नाही. पण आघाताचा हा ठोका भाषेतच असल्यामुळे किंकाळीसारख्या गायनालाही एक चालीची पावले मिळतात. इंग्रजीत गाणाऱ्या त्याच काळातल्या कित्येक फिनिश बँडांचे गायन याच्या तुलनेत ओढूनताणून बसवल्यासारखे वाटते.

आता या कॅसेटमधल्या खरखरीविषयी. तिला केवळ ‘वाईट ध्वनिमुद्रण’ म्हणून मोकळे होता येत नाही. १९७९ मध्ये जपानच्या टॅस्कॅम कंपनीने पोर्टास्टुडिओ हे यंत्र आणले आणि घरगुती ध्वनिमुद्रणाचे दार उघडले. साध्या कॅसेटच्या फितीवर दोन बाजूंना दोन-दोन असे चार मार्ग असतात. हे यंत्र चारही मार्ग एकाच दिशेने वापरते, म्हणून त्यावर मुद्रित केलेल्या फितीची दुसरी बाजू वापरताच येत नाही. फितीची रुंदी चार मिलिमीटरहूनही कमी आणि नेहमीचा वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. पोर्टास्टुडिओ तो दुप्पट करत असे. मोठ्या स्टुडिओतल्या रुंद फिती सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावत. फीत जितकी अरुंद आणि संथ, तितकी फितीची स्वतःची सळसळ संगीताच्या जवळ येते आणि तितके वरचे सूर लवकर हरवतात.

चार मार्गांत ड्रम, दोन गिटार, बास, गायन, समूहस्वर आणि कीबोर्डच्या दोन-तीन ओळी बसवायच्या तर तडजोड करावी लागते. तीन मार्ग भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, मोकळे झालेले तीन मार्ग पुन्हा भरायचे. असे एकदा केले की मागे फिरता येत नाही. ड्रम मोठे झाले म्हणून नंतर कमी करता येत नाहीत, कारण ते गिटारबरोबर कायमचे मिसळलेले असतात. शिवाय प्रत्येक उतरवणीत सळसळ वाढते आणि झांजांची चमक कमी होते. खऱ्या ड्रमला किमान तीन-चार मायक्रोफोन आणि शेजाऱ्यांची सहनशक्ती लागते, म्हणून त्या पिढीतले पुष्कळ बँड डेमोवर ड्रम मशीन वापरत. मशीनचा ठोका ताल चुकवत नाही, पण त्याला हातही नसतो. प्रत्येक घाव सारख्याच जोराचा पडतो, आणि ऐकणाऱ्याला तो जोर दहाव्या मिनिटाला थकवतो.

त्यानंतर वितरणाचा भाग. अशा डेमो कॅसेट दुकानांत फारशा मिळत नसत. झेरॉक्स केलेली छोटी नियतकालिके, त्यांत छापलेले पत्ते, पाकिटात घातलेली चिटोरी जाहिरात, आणि पोस्टाने होणारी अदलाबदल हे त्यांचे जाळे. तिकिटांवर गोंदाचा थर चढवायचा, म्हणजे शिक्का धुऊन निघतो आणि तेच तिकीट पुन्हा वापरता येते, ही युक्ती जगभरच्या कॅसेटवाल्यांना पाठ होती. मिळालेल्या कॅसेटची नक्कल करून ती तिसऱ्याला पाठवली जाई, तिची चौथ्याला. कोपऱ्यावरच्या दुकानात कॅसेट भरून घेणाऱ्या मराठी पिढीला हा अनुभव नवा नाही: चौथ्या नकलेत गाणे ओळखू येते, पण ते पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखे झालेले असते. पेगन आणि ब्लॅक मेटलच्या कितीतरी चाहत्यांनी या कृती प्रथम अशाच नकलांत ऐकल्या. दुरून, वाऱ्यातून येणारा तो ध्वनी त्यांच्या कानांत ‘खरा’ म्हणून बसला. पुढे स्वच्छ सीडी निघाल्या तेव्हा काहींचा चक्क हिरमोड झाला.

इथून कच्च्या ध्वनीची एक सौंदर्यदृष्टी तयार झाली. तिचा टोकाचा नमुना म्हणजे नॉर्वेच्या डार्कथ्रोनची १९९४ मधली ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’. तिचे संगीत एका माणसाने घरी चार मार्गांच्या यंत्रावर मुद्रित केले. त्याआधी त्या बँडने व्यावसायिक स्टुडिओत काम केलेले होते, चांगले कसे मुद्रित करतात हे त्यांना ठाऊक होते, आणि तरी त्यांनी ही वाट निवडली. तिथे खरखर हा निर्णय आहे. संगीतही त्याला साजेसे काटकसरीचे आहे: थोडे सूर, थोडे बदल, तोच एकसुरी घोष.

मूनसॉरोच्या कॅसेटला याच पंक्तीत बसवले जाते आणि तिथेच गफलत होते. तिच्यातले संगीत काटकसरीचे नाही. चाली एकावर एक रचल्या आहेत. एक गिटार धून सांगते, दुसरी तिला खालून आधार देते, कीबोर्ड तुतारीची जागा घेतो, मग समूहस्वराची, मग पुन्हा मागे सरून वाऱ्यासारखा भरून राहतो. गाणी लांब आहेत आणि ती लांबी भरण्यासाठी नवी धून आणली जाते, जुनी वाढवून परत आणली जाते. ज्याला साधेपणाच हवा असतो तो एवढा खटाटोप करत नाही. हे पन्नास वादकांचा मेळा मनात धरून दोन-चार साधनांवर वाजवलेले संगीत आहे, आणि खरखर येते ती कल्पनेपुढे यंत्र तोकडे पडल्यामुळे. डार्कथ्रोनचा ध्वनी सुधारला तर संगीत बिघडेल. मूनसॉरोचा सुधारला तर ते पूर्ण होईल, आणि पुढे झालेही तसेच.

याच तुटवड्याने बँडला एक गोष्ट शिकवली, असे मानायला जागा आहे. ज्याच्याकडे ताकदीचा गिटारध्वनी नाही त्याला परिणाम रचनेतून साधावा लागतो: कधी थर घालायचा, कधी काढायचा, शांत भाग किती लांबवायचा. मूनसॉरोच्या नंतरच्या ध्वनिमुद्रिका याच कौशल्यासाठी ओळखल्या जातात. ‘सुदेन उनी’ ही पहिली पूर्ण ध्वनिमुद्रिका २००१ मध्ये आली. तिच्यावर मार्को तार्वोनेनने ड्रम वाजवले, आणि हाताने पडणाऱ्या घावाचा फरक पहिल्याच मिनिटात ऐकू येतो. त्याच वर्षी स्पाइनफार्मच्या स्पाइकफार्म या शाखेकडून ‘व्होइमास्ता या कुन्नियास्ता’ निघाली. गिटारवादक मित्या हार्विलाह्ती आणि कीबोर्डवादक मार्कुस एउरेन आल्यावर बँडचा आजवर टिकलेला संच पूर्ण झाला. २००७ च्या पाचव्या ध्वनिमुद्रिकेत तर अवघी दोन गाणी आहेत, प्रत्येक पाव तासाहून कितीतरी लांब. कॅसेटमध्ये जी लांबी धाडस वाटत होती तिचीच ही मोठी आवृत्ती.

आजूबाजूलाही हालचाल होती. हेन्री सोर्वाली ज्या दुसऱ्या बँडात वाजवत असे तो फिनट्रोल १९९७ मध्ये सुरू झाला आणि १९९८ मध्ये ‘रिव्हफाडर’ हा त्याचा डेमो आला. हुम्प्पा या फिनिश नाचाच्या तालावर ब्लॅक मेटल, आणि शब्द स्वीडिशमध्ये, असा तो अजब मेळ होता. एन्सिफेरम हेलसिंकीचाच, १९९५ चाच. त्याचेही डेमो याच सुमाराचे. २००० नंतर युरोपभर फिनिश लोकमेटलचा जो बोलबाला झाला त्याची मुळे या पाच-सहा वर्षांतल्या कॅसेटमध्ये आहेत. त्यांत फिनट्रोल विनोदी, एन्सिफेरम मर्दानी आणि वेगवान, तर मूनसॉरो गंभीर आणि संथ. बँड स्वतःच्या संगीताला ‘एपिक हीदन मेटल’ म्हणतो, आणि इथे तरी बिरुद अतिशयोक्तीचे नाही.

एक अडचणीचा विषय टाळून पुढे जाणे बरोबर नाही. पूर्वज, माती, परकीय धर्म हे शब्द उजव्या अतिरेकी राजकारणालाही सोयीचे असतात, आणि पेगन मेटलच्या काही कोपऱ्यांत ते राजकारण उघडपणे शिरले आहे. मूनसॉरोवरही जर्मनीत असे आरोप झाले. २००८ मध्ये फॅरो बेटांच्या टीर या बँडबरोबर संयुक्त निवेदन काढून त्यांनी नाझीवादाशी आणि वंशवादाशी आपला काहीही संबंध नसल्याचे स्पष्ट केले. त्यांच्या गाण्यांत लढाया आहेत, पराभव आहेत, मरणाऱ्या गावांचे शोक आहेत, पण वंशश्रेष्ठत्वाचा प्रचार नाही. तरी या प्रकारात नव्याने शिरणाऱ्याने प्रत्येक बँडची ही बाजू स्वतंत्रपणे तपासून घ्यावी, कारण बाहेरून सगळ्यांच्या मुखपृष्ठांवर तेच अरण्य आणि तीच तलवार असते.

२००८ मध्येच मूनसॉरोने ‘तुलिम्यूर्स्क्यू’ हे ध्वनिमुद्रण काढले. त्याच्या नावाचे गाणे जवळजवळ अर्ध्या तासाचे आहे. पण प्रस्तुत विषयासाठी महत्त्वाची आहेत ती त्यातली दुसरी दोन: ‘मेत्सॅ’मधले ‘ह्वेरगेल्मिर’ आणि १९९९ च्या कॅसेटमधले ‘ताइस्तेलु पोह्योलास्ता’. बँडने ती नव्या संचाने, पूर्ण ताकदीच्या स्टुडिओ ध्वनीत पुन्हा वाजवली. रचनेचा सांगाडा तोच राहिला, कीबोर्डच्या जागी जे अंदाजाने ऐकावे लागत होते ते आता भरून आले. नव्या श्रोत्याने ही कॅसेट ऐकायला घेताना ‘ताइस्तेलु पोह्योलास्ता’ आधी १९९९ च्या रूपात ऐकावे आणि मगच २००८ च्या. उलट क्रमाने ऐकले तर जुन्या ध्वनिमुद्रणात फक्त उणिवा ऐकू येतात.